डीव्हीडीऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स : माझा अनुभव

चोपडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयातील जुन्या संगणकावर मला लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली बसवायची होती, पण त्याचा डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच निकामी झाला आहे. शिवाय उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या एका प्रकाराची आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्याची संपूर्ण डिस्क एकाच फाइलमध्ये) ५ जीबीहून मोठी असल्याने ती ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर मावतही नाही. रॅम ४ जीबीच असल्याने मी लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली.

जळगावहून तयार करून आणलेला पेनड्राइव्ह जोडून बूट मेनू (संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची यादी) उघडला. त्यात पेनड्राइव्हचे नाव दिसले, पण निवडल्यावर काळ्या पडद्याच्या पुढे काही सरकेना. शोध घेता कळले की, पेनड्राइव्हची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची, केवळ यूईएफआयसाठी (नव्या संगणकांना सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमसाठी) केलेली होती आणि हा संगणक मात्र त्याच कामाच्या जुन्या बायोसवर चालणारा. म्हणून रुफस या पेनड्राइव्ह तयार करण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘पार्टिशन स्कीम’ला (विभागणीच्या पद्धतीला) एमबीआर ही बायोसला चालणारी जुनी पद्धत निवडून आयएसओ पुन्हा लिहिली. फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, कारण संगणक सुरू होताना वाचला जाणारा आरंभीचा भागही पेनड्राइव्हवर लिहावा लागतो. असे लिहिताना पेनड्राइव्हवरील आधीचा सारा मजकूर पुसला जातो.

त्याआधी आयएसओ फाइलचा एसएचए२५६ संकेत (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, ती जशीच्या तशी आली का हे पडताळण्याची अक्षर-अंकांची ओळ) अधिकृत संकेतस्थळावरील संकेताशी जुळवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आमच्याकडे डाउनलोड मधेच तुटते आणि अर्धवट फाइल पुढे भलत्याच टप्प्यावर दगा देते.

यानंतर मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू झाले. वाय-फाय, आवाज आणि देवनागरी अक्षरे तपासून, ग्रंथसूचीची प्रत दुसरीकडे ठेवूनच मी ‘इन्स्टॉल’वर क्लिक केले. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने संगणक इन्व्हर्टरवर घेतला होता.