ड्रायर फिरत नाही? नवं मशीन घेण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की सेमी-ऑटोमॅटिक मशीनचे ड्रायर बंद पडायला लागतात. दोरीवर काही वाळत नाही, म्हणून एरवी दोन मिनिटं फिरणारा ड्रायर दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं फिरतो, आणि त्यात भिजलेल्या चादरी, जीन्स कोंबलेल्या असतात. मग तो थांबला की घरात दोनच मतं निघतात. एक, ‘कपॅसिटर गेला असेल, दोन-तीनशेचं काम.’ दुसरं, ‘नऊ वर्षं झाली, आता नवंच घेऊ.’ दोन्ही मतं मागचं पॅनल न उघडता दिलेली असतात.

वॉशची मोटर वेगळी आणि ड्रायरची वेगळी. वॉश नीट चालतंय म्हणजे प्लग, वायर, सॉकेट ठीक आहे आणि दोष ड्रायरच्या बाजूला आहे. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. आता झाकण लावून टायमर फिरवा आणि कान द्या. काहीच आवाज नाही, म्हणजे बहुधा मोटरपर्यंत वीज जात नाही: झाकणाचा स्विच, टायमर किंवा तुटलेली वायर. ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो पण टब हलत नाही, म्हणजे वीज पोहोचतेय, पण कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) मेलाय, ब्रेक सुटत नाहीय किंवा काहीतरी अडकलंय. मोटरचा फिरण्याचा आवाज येतो आणि टब मात्र स्थिर, तर बहुधा कपलिंगचे, म्हणजे मोटर आणि टबाचा शाफ्ट (दांडा) जोडणाऱ्या भागाचे, बोल्ट ढिले झालेत. पाना लावून आवळले की संपलं. हुंकार ऐकत पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त उभं राहू नका. अडकलेली मोटर तापते, आणि शंभर-दोनशेचा दोष दीड हजाराचा होतो.

झाकण उघडून टब हाताने फिरवून बघणे

ही चूक निम्मे लोक करतात. झाकण उघडलं, टबला हात लावला, टब जागचा हलेना, की निकाल तयार: ‘मोटर जाम.’ अहो, झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो, तो त्यासाठीच दिलाय! झाकण लावल्यावर ब्रेकची तार ओढली जाते आणि ब्रेकची पट्टी मोटरवरच्या ब्रेक-ड्रमपासून सुटते. झाकण उघडं असताना टब सहज फिरला, तर उलट ब्रेक बिघडलाय.

खरी तपासणी अशी: प्लग काढा, मागचं पॅनल उघडा. ड्रायरच्या मोटरवर ब्रेकचा खटका आणि त्याला जोडलेली तार दिसेल. एकाने खटका हाताने ओढून धरायचा, दुसऱ्याने वरून टब फिरवायचा. दोन-तीन वेढे घेऊन टब हळूहळू थांबला, तर यांत्रिक बाजू ठीक आहे, आता कपॅसिटरकडे वळा. जड फिरला किंवा खरखरला, तर पुढचा भाग नीट वाचा. आणि खटका ओढल्यावरच टब मोकळा होतोय, पण झाकण लावल्यावर होत नाहीय, असं असेल तर ब्रेकची तार ताणून सैल झालीय किंवा तुटलीय. तार नव्याने बसवणं हे सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक. या तारेपायी मशीन भंगारात गेलेली आहेत.

कपॅसिटरवर आकडा छापलेला असतो, ड्रायरसाठी बहुधा 4 ते 6 मायक्रोफॅरड. कपॅसिटर मोजणाऱ्या मीटरवर 5 चा कपॅसिटर 4.5 च्या खाली दाखवत असेल तर बदला, आणि त्याच आकड्याचा बदला. ‘जरा मोठा टाकू, जोर येईल’ हा उद्योग नको, मोटर तापते. हात लावण्याआधी त्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड हँडलच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवून चार्ज उतरवा.

मोटर बदलली, सील तसंच ठेवलं

एका घरी दीड वर्षात ड्रायरच्या तीन मोटरी बदलल्या गेल्या. पहिली जळली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, मशीन सहा वर्षांचं होतं. दुसरी सात महिन्यांत गेली, तेव्हा मोटरच भिकार निघाली असा निष्कर्ष निघाला आणि तिसरी महागातली आणली. तीही गेली. तिसरी खोलली तेव्हा वरच्या बेअरिंगपाशी तांबडा गंज, वायंडिंगवर (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवर) साबणाचा पांढरा थर, आणि वर टबाच्या शाफ्टवरून गंजाचे ओघळ थेट मोटरपर्यंत आलेले. ड्रायरच्या टबाखाली जे रबरी सील असतं, ज्याला बरेच जण बेलो म्हणतात, ते काठाला फाटलं होतं. कपडे पिळताना निघणारं पाणी दरवेळी थेंबथेंब मोटरवर पडत होतं. सीलची किंमत मोटरच्या दशांशाच्या आसपास. तीन कारागीर आले, तिघांनी खालून मोटर काढली आणि खालूनच नवी बसवली. टब वर ओढून सील बघायला अर्धा तास जास्त लागतो, तो कुणी दिला नाही.

म्हणून माझा हट्ट: ड्रायरची मोटर बदलली की सील बदलायचंच, जुनं दिसायला चांगलं असलं तरी. कपलिंगचे बोल्ट सैल करून टब सरळ वर ओढा. शाफ्टवर बोट फिरवा. नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, सीलमधल्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कडीला) पाण्यात न धुपणारं ग्रीस भरा. खोबरेल तेल नाही! ते काही काळाने चिकट होऊन साबणाचा चोथा धरून बसतं. शाफ्टला खड्डे पडले असतील, नख अडकत असेल, तर नवं सीलही काही महिन्यांत कापलं जाईल. मग शाफ्टसकट टब घ्यावा लागतो, आणि दुरुस्तीचा हिशेब इथे बदलतो.

मोटर घेताना तांब्याचं वायंडिंग की ॲल्युमिनियमचं, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर उत्तर मिळालं. आणि त्याआधी घरातलं मूळ बिल शोधा. बऱ्याच कंपन्या मोटरवर पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी देतात, आणि लोक चौथ्या वर्षी खिशातून पैसे भरतात.

झाकणाचा स्विच डायरेक्ट करणे

घाईतले कारागीर स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून टेप मारतात. ‘आता चालतंय बघा.’ चालतंय खरं, झाकण उघडं असतानाही चालतंय! मिनिटाला तेराशे-चौदाशे वेढे घेणाऱ्या टबात एखाद्या पोराने लोंबणारी बाही ओढायला हात घातला, तर पुढे काय होईल ते लिहायची गरज नाही. स्विच काही महाग नाही, बहुतेक वेळा तर पत्र्याची पट्टी वाकवून किंवा कार्बन घासूनच काम होतं. कुणी डायरेक्ट केलं असेल तर त्याला परत बोलवा.

थोडक्यात उरकतो त्या चुका: कपड्यांवर दाबायची जाळीची चकती न लावणं (रुमाल उडून दोन टबांच्या मध्ये जातो, शाफ्टला गुंडाळतो आणि मोटर जळते). ड्रेनचा पाइप उंबऱ्यावर चढवून ठेवणं. पाणी बाहेर पडत नाही, टब पाण्यातच फिरतो आणि ‘ड्रायरला जोर नाही’ अशी तक्रार येते. ड्रायरची मोटर ज्यांवर बसते त्या तीनपैकी एकच स्प्रिंग बदलणं. तळाची उंदीरजाळी काढून टाकणं, पावसात उंदीर वायरी कुरतडायला तिथेच शिरतात.

परदेशात गरम हवेचा ड्रायर वापरणाऱ्यांची सीलवाली चूक वेगळ्या वेषात असते. गरम होत नाही म्हणून थर्मल फ्यूज बदलतात, पण कापसाच्या धुळीने चोंदलेली हवेची नळी साफ करत नाहीत. फ्यूज पुन्हा उडतो, आणि चोंदलेल्या नळीने आगीचा धोका तसाच राहतो.

मग बदलायचं कधी?

‘खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की फेका’ हा नियम सगळे सांगतात. मला तो सैल वाटतो, कारण त्यात वॉशची बाजू धरलेलीच नसते. ड्रायरची मोटर आणि सील मिळून साधारण दोन-अडीच हजारांत बसतं. वॉशचा गिअरबॉक्स गळत नसेल आणि बॉडीला तडा नसेल, तर नऊ वर्षांच्या मशीनवरही हा खर्च करावा. पण गिअरबॉक्सखाली काळं तेल दिसतंय आणि ड्रायरचा शाफ्टही खड्ड्यांनी भरलाय, तर पाच वर्षांचं मशीनही सोडा, दोन्ही कामं मिळून चार-पाच हजारांवर जातात. दोन्ही टबांची प्लॅस्टिक बॉडी एकसंध असते. तिला तडा गेला की पुटी लावून, गरम सळईने सांधून काही टिकत नाही, थरथरीने आठवड्यात सांधा उघडतो. तिथे दुरुस्ती नाहीच.

बदलायचं ठरलंच तर एक्स्चेंजचा भाव मोटर बसवून आणि काढून असा दोन्ही बाजूंनी विचारा. चालू वॉश मोटर, टायमर, चांगला कपॅसिटर यांना भंगारवाला किलोच्या भावाने पैसे देतो, पण दुरुस्तीच्या दुकानात तेच नगावर विकले जातात.