टायपिंगचं सॉफ्टवेअर पारखताना या चुका टाळा

पडद्यावर मिनिटाला ४२ शब्दांचा वेग दिसतो, आणि नवा उतारा समोर ठेवला की तोच हात २५ वर अडखळतो. टायपिंगच्या क्लासमध्ये हे इतक्यांदा पाहिलंय, की पडद्यावरच्या आकड्यावरून मी कुठल्याच सॉफ्टवेअरला चांगलं म्हणत नाही.

ज्या उताऱ्यावर सराव, त्याच उताऱ्यावर चाचणी, ही सगळ्यांत मोठी चूक. विसाव्या खेपेला तो उतारा बोटांना पाठ झालेला असतो. चाचणीला कधीच न पाहिलेला मजकूर द्या, शक्यतो सरकारी पत्राचा. त्यात ‘कार्यवाही’, ‘संदर्भ’, ‘दुरुस्ती’ असे शब्द येतात आणि हात कुठे अडतो ते लगेच कळतं. रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीत रफार अक्षरानंतर टाइप करतात, संगणकासाठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत अक्षराच्या आधी. एका मांडणीवरून दुसरीवर आलेली मुलं नेमकी इथेच चुकतात, आणि सरासरी वेगात ते दिसत नाही. म्हणून अक्षरवार चुकांचा तक्ता देणारं सॉफ्टवेअर मला जास्त भरवशाचं वाटतं.

एक चाचणी बॅकस्पेस बंद ठेवून घ्या. नजर सारखी कळांवर जाते का, हे मात्र शेजारी उभं राहूनच पाहावं लागतं.

सराव संपल्या संपल्या मोजू नका. तासभर टाइप केल्यावर बोटं मोकळी झालेली असतात, वेग चढलेलाच असतो. आठवडाभर खंड पडू द्या, मग दुसऱ्या की-बोर्डवर बसवा आणि तो आकडा वहीत लिहा.

‘मुलांना आवडतंय ना, मग झालं’ असंही धरून चालू नका. ब्रिटनमध्ये पोस्टमनना टायपिंग शिकवताना मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकच तास बसणारा गट सर्वांत कमी तासांत शिकला. दिवसातून दोनदा दोन-दोन तास बसणाऱ्यांना सर्वांत जास्त तास लागले. तरी नाराज होता तो पहिलाच गट, कारण दिवसांच्या हिशेबात तो मागे राहिला होता.

मध्येच सोडून गेलेली मुलंही हिशेबात धरा. आणि एक बॅच तरी अशी ठेवा, जी तेवढेच तास नुसता छापील उतारा समोर ठेवून टाइप करेल. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका.