देश ठरवण्याआधी: परदेशी शिकायला निघालेल्या बडोदेकर विद्यार्थ्यांसाठी

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की बडोद्याच्या अनेक मराठी घरांत पहिला प्रश्न ‘कॅनडा की जर्मनी?’ हा असतो, आणि काय शिकायचे व कशासाठी, हे त्यानंतर विचारले जाते. हा क्रम उलटा आहे. सल्लागाराच्या कार्यालयात तो सुलटा होईलच असे नाही, कारण विद्यार्थ्याने प्रवेश घेतल्यावर अनेक परदेशी विद्यापीठे सल्लागाराला कमिशन देतात, तर जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांकडून सहसा तसे काही मिळत नाही. सल्लागाराकडे जरूर जावे, मात्र देशांची यादी आपण घरी करून न्यावी.

यादी करताना आपल्या हातातल्या पदवीपासून सुरुवात करावी. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून तीन वर्षांचे बी.कॉम. केलेल्या विद्यार्थ्याला ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये मास्टर्सला अर्ज करता येतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र सोळा वर्षांचे शिक्षण मागतात, म्हणजे तिथे हाच विद्यार्थी एका वर्षाने कमी पडतो. जर्मनीत अडचण वेगळी आहे. तिथे पदवीतील विषय आणि मास्टर्सचा विषय यांचा मेळ बारकाईने तपासला जातो, त्यामुळे मेकॅनिकलच्या चांगल्या विद्यार्थ्यालाही डेटा सायन्सचा प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

भारतात परतून व्यवसाय करायचा असेल, तर इथली मान्यता आधी पाहावी. वैद्यकीय शिक्षणात ही चूक सर्वांत महाग पडते. २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या पदवीवर त्याच देशात वैद्यकीय व्यवसायाची नोंदणी मिळू शकली पाहिजे. शिवाय ‘नीट’ ही भारतातली वैद्यकीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. यातली एक अट जरी सुटली, तरी स्वस्त वाटलेले ते शिक्षण इथे उपयोगी पडत नाही.

आता पैशांविषयी. ‘जर्मनीत शिक्षण फुकट असते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत; पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले आहे. त्याखेरीज व्हिसासाठी ११,९०४ युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांचा धरला तर सुमारे १२ लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. ही रक्कम दरमहा ९९२ युरोप्रमाणे आपल्यालाच परत मिळते, त्यामुळे ती शुल्कात मोजू नये, पण ती एकरकमी उभी करावी लागते हे विसरू नये. ब्रिटनचे मास्टर्स बहुधा एका वर्षात संपते म्हणून एकूण खर्च आटोक्यात राहतो. मात्र तिथे वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो.

या हिशेबात अर्धवेळ कामाची कमाई धरू नये, असे माझे ठाम मत आहे. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, एवढीच कामाची मर्यादा आहे. त्या कमाईतून किराणा निघेल. शुल्क निघणार नाही.

पैशांची मुदत आणि अभ्यासाची मुदत जुळते का, हेही पाहावे. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे मिळतील आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी लागेल, असा लेखी करार झाला होता. पुढे ते लंडनला शिकायला गेले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि तिथला अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. आजचे शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यानेही पदवी लांबली तर हप्ता कधी सुरू होईल, हे बँकेला सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सर्वांत फसवा मुद्दा शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचा आहे, कारण देश निवडला जातो तो बहुतेक वेळा याच्याच भरवशावर, आणि हेच नियम सर्वांत लवकर बदलतात. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा जाहीर केली. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षे राहता येते, परंतु १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ही मुदत १८ महिन्यांवर येणार आहे. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४ महिने काम करता येते. त्यापुढे नोकरीसाठी लागणारा एच-वन-बी व्हिसा मात्र सोडतीवर अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक देशाच्या नावापुढे एकच प्रश्न लिहावा: ही परवानगी उद्या रद्द झाली, तरी ही पदवी या किमतीला आपण घेऊ का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण शिक्षणाच्या नव्हे, स्थलांतराच्या तयारीत आहोत. त्यात गैर काही नाही, पण मग निदान घरात तसे स्पष्ट बोललेले बरे.

उरलेल्या दोन-तीन देशांचे वेळापत्रक शेवटी मांडावे. जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाआधी एपीएस या जर्मन तपासणी केंद्राकडून आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा गुणपत्रिकांची जुळवाजुळव आदल्या वर्षीच सुरू करावी. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईला असते. तिची तारीख मिळाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.