टायमिंग लावताय? आधी व्हॅक्युमचा पाइप काढा

जुन्या, पॉइंटवाल्या पेट्रोल इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, लावायला हे जवळ ठेवा: टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा), फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा), डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बोल्टला नीट बसणारा पाना, खडू. आणि एक बारका स्क्रू, व्हॅक्युमच्या पाइपाला (इंजिनची ओढ डिस्ट्रिब्युटरपर्यंत नेणारी नळी) बूच म्हणून. बाकी काही विसरलात तर उठून आणता येतं. हा स्क्रू मागच्या वेळी राहिला आणि सगळं काम परत करावं लागलं.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडझाप करणाऱ्या टोकांचा) गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं (ठिणगी लवकर पडते), कमी झाला की मागे पडतं; म्हणून उलट क्रमाने केलेलं काम फुकट. आकडा मॅन्युअलमधला घ्या, बऱ्याच इंजिनांना ०.४ मिमीच्या आसपास असतो. पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) ऐन टोकावर असतानाच मोजायचं. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोर टेंगूळ झालं असेल तर गेज टेंगळावर टेकतं आणि खरा गॅप त्याहून जास्त निघतो. असे पॉइंट घासत बसू नका, बदला.

इंजिनच्या पुढच्या पुलीवरची टायमिंगची खाच पुसून खडू भरा. रबर असलेली पुली असेल तर बाहेरची रिंग सरकलेली नाही ना, टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ताडून पाहा. खूणच खोटी असेल तर पुढचं सगळं खोटं.

आता इंजिन गरम, चोक न लावता, आणि पाइप. डिस्ट्रिब्युटरकडचं टोक काढा, पाइपात स्क्रू घाला. नुसता काढून लोंबता ठेवलात तर तिथून हवा ओढली जाते, आयडलिंग बिघडतं. काढलाच नाहीत, आणि तो थेट मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांवरून) येत असेल, तर व्हॅक्युमचा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) धरून खूण दिसते. तुम्ही ती जुळवायला डिस्ट्रिब्युटर मागे फिरवता. मग गाडी ओढत नाही, इंजिन तापतं, आणि शोध मात्र कार्ब्युरेटरमध्ये सुरू होतो. मॅन्युअलने पाइप लावूनच मोजायला सांगितलं असेल तेवढाच अपवाद. पाइप काढला? बूच लावलं? परत एकदा बघा.

लाइटची क्लिप एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरला. वायरी पंख्यापासून लांब. लाइटच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो, हात घालाल तर बोटं जातील.

आयडलिंग मॅन्युअलइतकंच हवं. जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं (वेग वाढला की अ‍ॅडव्हान्स वाढवणारी) उघडतात आणि आकडा फुगतो. बोल्ट हाताने जेमतेम फिरेल इतकाच सैल करा. लाइट खाचेवर मारून, खूण मॅन्युअलच्या आकड्यावर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवा. रोटरच्या (आत फिरणाऱ्या तुकड्याच्या) उलट फिरवलं की अ‍ॅडव्हान्स, सुलट फिरवलं की रिटार्ड (ठिणगी उशिरा). बोल्ट आवळताना खूण हमखास हलते, म्हणून आवळून परत लाइट मारा.

रेस द्या, खूण सरसर पुढे जायला हवी. अडखळली तर वजनं किंवा स्प्रिंग बघा.

स्क्रू काढा, पाइप लावा, आयडलिंग तपासा. चढावर नॉकिंग (इंजिनातून टकटक) आलं तर दोन डिग्री मागे. आणि तेव्हाही पाइप काढून, बूच लावूनच.