काजू-कोकमच्या दुकानाचा हिशेब स्प्रेडशीटवर: उधारी, माल आणि जीएसटी

फोंडा, म्हापसा, मडगाव इथे काजू, कोकम, मसाले विकणाऱ्या छोट्या दुकानाला वर्षाला हजारो रुपये मोजून सॉफ्टवेअर घ्यायची सुरुवातीला तरी गरज नसते. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहेत. गूगलच्या एका फाइलमध्ये १ कोटी चौकटी (सेल) मावतात, तेव्हा जागेची चिंता नको. बिघडते ती मांडणी.

बहुतेक जण दर महिन्याला नवं पान काढतात, मग प्रत्येक हॉटेलच्या उधारीला वेगळं पान. चवथीपर्यंत पंधरा-वीस पानं होतात आणि एकूण येणं किती, हे कुठलंच पान सांगत नाही. पानं चारच ठेवा: विक्री, खरेदी, जमा आणि माल. गिऱ्हाइकांची यादी मालाच्याच पानावर बाजूला चालेल. एका वस्तूची एक विक्री म्हणजे एक ओळ. मध्ये रिकामी ओळ नको, महिन्याची बेरीज नको, चौकटी जोडणं तर नकोच.

विक्रीच्या पानावर दहा स्तंभ लागतात: तारीख, बिल नंबर, गिऱ्हाईक, माल, किलो, दर, कराचा टक्का, रक्कम, कर, एकूण. पहिले सात हातानं भरायचे, शेवटच्या तिघांत सूत्र. पाव किलोचं पाकीट ०.२५ असं लिहा. काही ओळी पाकिटांत आणि काही किलोत गेल्या, तर शिल्लक कधीच जुळणार नाही.

दर हातानं का, असा प्रश्न येतोच. मालाच्या पानावर दर ठेवून एक्सलुकअपनं, म्हणजे नावावरून आकडा शोधून आणणाऱ्या सूत्रानं, ओढून आणणं सोपं वाटतं. पण डब्ल्यू ३२० (अख्ख्या काजूची एक प्रत) या काजूचा दर वाढला आणि तुम्ही मालाच्या पानावर तो बदलला, की आधीच्या सगळ्या बिलांच्या रकमाही त्याच क्षणी बदलतात. गिऱ्हाइकाकडचं बिल एक सांगतं, तुमची शीट दुसरंच. म्हणून चालू दर शेजारच्या स्तंभात नुसता दिसू द्या. विक्रीच्या ओळीत मात्र आकडाच टाइप करा. कराच्या टक्क्याचंही तसंच. जुन्या एक्सेलमध्ये एक्सलुकअप नसतं, तिथे व्हीलुकअप वापरावं लागतं. त्यात शेवटी ‘फॉल्स’ लिहायचं राहिलं, तर ते जवळपास जुळणारा भलताच माल उचलतं आणि चूक झाल्याचं सांगतही नाही.

नावांचा घोळ आपल्याकडे जास्तच. मडगाव आणि मडगांव हे शीटच्या लेखी दोन गाव. म्हापसा कुणी मापसा लिहितो, कुणी म्हापशें. त्यामुळे गिऱ्हाईक आणि माल हे दोन्ही स्तंभ डेटा व्हॅलिडेशनमधून ड्रॉपडाउन करा आणि यादीबाहेरचं नाव नाकारायचा पर्याय निवडा. आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. फोनच्या मराठी कीबोर्डवरून आलेला अंक शीट मजकूर समजू शकते, आणि मग तो बेरजेत धरला जात नाही. ओळखायची खूण सोपी: आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. तारखेलाही हीच खूण लावा. फाइलचा लोकेल (देशाची सेटिंग) भारताऐवजी अमेरिका असेल, तर ५ एप्रिलचा ४ मे होतो आणि १३ तारखेपासून पुढची तारीख मजकूर बनते.

मालाच्या पानावर काजूचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ०८०१ टाइप केला की पुढचं शून्य उडून ८०१ उरतं. तो स्तंभ आधी ‘प्लेन टेक्स्ट’ करा, मग भरा.

उधारीसाठी जमाच्या पानावर तारीख, गिऱ्हाईक, बिल नंबर, रक्कम आणि रोख की यूपीआय एवढंच ठेवा. एका चेकनं दोन बिलं फिटली तर दोन ओळी. सम-इफ्स या अटीनुसार बेरीज करणाऱ्या सूत्राला आधी बेरजेचा स्तंभ, मग नावाचा स्तंभ, मग नाव द्यायचं. सूत्रांची नावं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. विक्रीच्या ‘एकूण’मधून जमा वजा केली की बाकी निघते. हीच वजाबाकी बिल नंबरवर करा; बाकी उरली असेल आणि आजची तारीख वजा बिलाची तारीख ३० च्या वर गेली की चौकट लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. हॉटेलांची वसुली मे संपायच्या आत उरका. पावसाळ्यात त्यांच्याच गल्ल्यात पैसे नसतात.

एकच बिल नंबर चुकून दोघांना गेला का, हे काउंट-इफ्सनं कळतं. तो नंबर किती वेळा आला आणि त्याच गिऱ्हाइकासोबत किती वेळा आला, हे दोन आकडे सारखे हवेत. जीएसटीच्या नियमानुसार बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, पहिली दोन राज्याची: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. लेफ्ट सूत्रानं ती दोन काढून ३० शी ताडता येतात. मात्र ३० अवतरण चिन्हांत लिहा, कारण लेफ्ट मजकूर देतं. नुसत्या आकड्याशी ते कधीच जुळत नाही. माल गोव्यातच पोचला तर कर निम्मा-निम्मा केंद्र आणि राज्याला, सावंतवाडी किंवा कारवारला पाठवला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर). काउंटरवर माल घेऊन जाणारा, बिलावर पत्ता नसलेला पर्यटक दिल्लीचा असला तरी त्याची विक्री गोव्याचीच.

शिल्लक म्हणजे सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा विक्री. शीटवर ४० किलो आणि डब्यात साडेअडतीस, असं होणारच: गिऱ्हाइकाला चवीला दिलेले, फुटलेले, दमट होऊन टाकलेले. आठवड्यातून एकदा वजन करा आणि फरक विक्रीच्या पानावर ‘घट’ या नावाच्या गिऱ्हाइकाखाली शून्य दराच्या ओळीत टाका. सुरुवातीच्या आकड्यात खाडाखोड केली, तर घट कशामुळे वाढतेय हे नंतर शोधता येत नाही. रोज ३ किलो खपत असतील आणि माल यायला ७ दिवस लागत असतील, तर २१ किलो आणि वर ५ किलो हाताशी, म्हणजे २६ वर आल्यावर मागणी द्या. पावसाळ्यासाठी हा आकडा वेगळा काढा, नाहीतर माल पडून मऊ पडतो.

सूत्रांचे स्तंभ ‘प्रोटेक्ट’ करा. एक्सेलची फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका, दोन दिवसांत तिच्या चार आवृत्त्या होतात. गूगलमध्ये व्हर्जन हिस्टरीतून कालची स्थिती परत आणता येते. पावसात वीज-नेट जातं, म्हणून ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवा.

हे सगळं मालकीच्या किंवा भागीदारीच्या दुकानासाठी. धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि हिशेब संगणकावर ठेवत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राखणारं, ती नोंद बंद करता येणार नाही असं सॉफ्टवेअर लागतं. तिथे शीट माल आणि वसुलीपुरती वापरा.