मुलांच्या अर्धशिशीवर औषध देताना या चुका टाळा

मुलाचे डोके दुखू लागले की घरात बहुधा आधी वाट पाहिली जाते. थोडे झोपू दे, काही खाऊ दे, बाम लावून पाहू आणि तरीही थांबले नाही तर गोळी देऊ, असा क्रम ठरलेला असतो. प्रत्यक्षात गोळी पोटात जाते तेव्हा दुखणे शिगेला पोहोचून उलट्याही सुरू झालेल्या असतात. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे उशिरा दिलेले औषध रक्तात पुरेसे उतरण्यापूर्वीच झटका पुढे निघून जातो आणि दोष मात्र औषधाच्या माथी मारला जातो. निदान एकदा पक्के झाले असेल, तर दुखणे सुरू होताच, शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात औषध द्यावे. औषधे जपून वापरण्याची सवय चांगलीच आहे. परंतु तिचा हिशेब महिन्यातील दिवसांवर ठेवावा, झटक्यातील तासांवर नव्हे.

हा उशीर सर्वाधिक शाळेत होतो. मूल शेवटच्या तासापर्यंत कळ काढते, कारण शिक्षक अभ्यास टाळण्याचे निमित्त समजतील अशी त्याला भीती असते, आणि दप्तरात गोळी ठेवण्याची परवानगीही बहुतेक शाळांत नसते. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचे नाव आणि मात्रा वर्गशिक्षकांकडे आधीच देऊन ठेवल्यास ही अडचण बरीचशी सुटते.

दुसरी चूक मात्रेची, आणि ती अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. मुलांसाठी पहिल्या पसंतीचे औषध आयबुप्रोफेन असून त्याची एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे सुमारे १० मि.ग्रॅ. धरली जाते; पॅरासिटामॉलची १५ मि.ग्रॅ. धरतात. म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन, अर्थात ५ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ. असलेल्या द्रवाचे १० मि.लि. लागतात. अनेक घरांत मात्र दोन वर्षांपूर्वी तापासाठी सांगितलेला ‘एक चमचा’च चालू असतो. मूल वाढलेले असते, चमचा तोच राहतो, आणि अपुऱ्या मात्रेने दुखणे अर्धवट दबून काही तासांनी पुन्हा उसळते.

याच्या उलट धोका पॅरासिटामॉलच्या बाटल्यांत आहे. आपल्याकडे ते ५ मि.लि.मध्ये १२० किंवा १२५ मि.ग्रॅ., ५ मि.लि.मध्ये २५० मि.ग्रॅ. आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत १ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ. अशा वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते. याच मुलाला लागणारे ३०० मि.ग्रॅ. १२५च्या औषधातून १२ मि.लि., २५०च्या औषधातून ६ मि.लि. आणि थेंबांतून केवळ ३ मि.लि. इतके होतात. सवयीने थेंबांचेच १२ मि.लि. दिले गेले, तर मात्रा चौपट होते. म्हणून बाटली बदलली की लेबल वाचावे आणि स्वयंपाकघरातील चमच्याऐवजी मापाचे झाकण किंवा सिरिंज वापरावी. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल एकत्र असलेले मिश्रण देऊन वर पुन्हा पॅरासिटामॉल देणे, किंवा मासिक पाळीच्या दुखण्यासाठी मेफेनॅमिक ॲसिड घेतलेल्या मुलीला त्याच गटातील आयबुप्रोफेन देणे, ही दुहेरी मात्राच ठरते.

घरातील मोठ्यांच्या डब्यातील गोळी मुलाला देऊ नये. पाण्यात विरघळणाऱ्या डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन असते, आणि मुलांत, विशेषतः फ्लू किंवा कांजिण्यांच्या काळात, त्यामुळे यकृत व मेंदूवर आघात करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. निमेसुलाइड हे वेदनाशामक १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११पासून बंदी आहे. डोकेदुखीबरोबर उलटी झाली की ‘पित्त खवळले’ म्हणून केवळ आम्लपित्ताचे औषध देणे धोकादायक नसले, तरी त्यात मोलाचा वेळ जातो. पावसाळ्यात तापासह डोके दुखत असेल तर ते अर्धशिशीचे समजू नये. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

साध्या वेदनाशामकाने भागत नसेल तर डॉक्टर ट्रिप्टान गटाचे, म्हणजे खास अर्धशिशीच्या झटक्यासाठीचे औषध लिहून देतात. त्यातील रिझाट्रिप्टानला अमेरिकेत ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता असून मात्रा ४० किलोखाली ५ मि.ग्रॅ. आणि त्यापुढे १० मि.ग्रॅ. आहे. तोंडात विरघळणारी गोळी लवकर लागू पडते, हा समज चुकीचा आहे. ती पाण्याविना घेता येते एवढेच, शोषली जाते पोटातूनच; त्यामुळे सतत उलट्या होणाऱ्या किशोरवयीन मुलासाठी नाकात मारायच्या फवाऱ्याबद्दल विचारावे. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येत असतील, तर त्या दिसताच नव्हे, डोके दुखू लागल्यावर ट्रिप्टान घेतल्यास उपयोग अधिक होतो. प्रतिबंधासाठी प्रोप्रानोलॉल चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्याने रिझाट्रिप्टानची रक्तातील पातळी वाढते. अशा वेळी ४० किलोखालील मुलांना रिझाट्रिप्टान देत नाहीत. अर्गोटामिन या अर्धशिशीवरील जुन्या औषधाची गोळी आणि ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकत्र घेऊ नयेत, कारण दोन्ही रक्तवाहिन्या आकुंचित करतात.

कॅलेंडरवर औषधाच्या दिवशी खूण करावी. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल महिन्यात १४ दिवसांहून अधिक, आणि ट्रिप्टान ९ दिवसांहून अधिक लागू नये. त्यापुढे औषधाच्या अतिवापरानेच डोके दुखू लागण्याचा धोका असतो. खुणा या मर्यादेकडे सरकू लागल्या की प्रतिबंधक उपचारांची वेळ झाली असे समजून ते कॅलेंडर घेऊनच डॉक्टरांकडे जावे. अचानक आलेली अतितीव्र डोकेदुखी, मान ताठरणे, आकडी (फिट) येणे, हातापायातील बळ जाणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, किंवा पहाटे झोपेतून उठवणारी आणि दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी असेल, तर घरी गोळी देऊन वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे.