पेशी मेल्या, पण कशा? ॲनेक्सिन-पीआय चाचणीची पद्धत

औषध दिल्यावर पेशी मेल्या एवढं कळून भागत नाही. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ हे प्रथिन अडवून रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींना ॲपॉप्टोसिसकडे, म्हणजे पेशीने स्वतःला शिस्तीत मोडून टाकण्याकडे, नेतं. फेरोप्टोसिसची वाट वेगळी आहे, तिथे लोहामुळे पटलातल्या (पेशीच्या आवरणातल्या) मेदाचं ऑक्सिडीकरण होऊन पेशी मरते. मार्ग चुकीचा ओळखला, तर पुढचा उपचारही चुकीच्या लक्ष्यावर बेतला जातो.

जिवंत पेशीत फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद पटलाच्या आतल्या बाजूला असतो. ॲपॉप्टोसिस सुरू झाला की तो बाहेर येतो आणि ॲनेक्सिन-व्ही हे प्रथिन त्याला चिकटतं. मात्र त्यासाठी कॅल्शियम लागतं. पीआय, म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड हा डीएनएला चिकटणारा रंग, पटल फाटल्याशिवाय आत शिरत नाही. म्हणून दोन्ही एकत्र वापरतात.

ॲनेक्सिन चिकटण्यासाठीच्या द्रावणात, म्हणजे बाइंडिंग बफरमध्ये, १० मिलिमोलर हेपीस (पीएच ७.४), १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असू द्या.

मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) तरंगणाऱ्या पेशी आधी गोळा करा. त्या ओतून दिल्या तर मेलेल्या पेशीच फेकल्या जातात आणि औषध निकामी वाटू लागतं. चिकटलेल्या पेशी सौम्यपणे सोडवा. त्या सोडवणारं विकर, ट्रिप्सिन, जास्त वेळ राहिलं की पटलाला इजा होते आणि धडधाकट पेशीही रंग घेतात. ट्रिप्सिनच्या द्रावणातलं ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुवा. दर वेळी सेंट्रिफ्यूज ३०० जी, ५ मिनिटं.

आता मिलिलिटरमागे १० लाख पेशी होतील इतक्या बाइंडिंग बफरमध्ये मिसळा. त्यातले १०० मायक्रोलिटर, म्हणजे १ लाख पेशी, घ्या. ॲनेक्सिन-एफआयटीसी (हिरव्या चमकत्या रंगाने जोडलेलं ॲनेक्सिन) ५ मायक्रोलिटर, पीआय ५ मायक्रोलिटर (किटप्रमाणे थोडाफार फरक पडतो). खोलीच्या तापमानाला अंधारात १५ मिनिटं ठेवा, मग ४०० मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, वाचा. रंगवल्यावर धुऊ नका, आणि आधी पेशी फिक्सही (रसायनाने स्थिर) करू नका. फिक्स केलेल्या पेशीत पीआय सहज शिरतं.

न रंगवलेला, फक्त ॲनेक्सिनचा आणि फक्त पीआयचा असे तीन नमुने हवेतच. त्यांच्याशिवाय कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्यात मिसळलेली चमक वजा करणं) आणि गेट (धन-ऋणाची सीमा) दोन्ही अंदाजाने लागतात. ॲपॉप्टोसिस नक्की दिसणारा नमुना म्हणून जुर्कट पेशींना (टी-पेशींची एक प्रयोगशाळेतली जात) १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन काही तास द्या. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध स्वतःच पीआयच्या पट्ट्यात चमकतं, तेव्हा दुसरा रंग निवडा. पेशींत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असेल, तर एफआयटीसी टाळा.

बहुतेकांची गफलत आलेख वाचताना होते. ॲनेक्सिन धन, पीआय ऋण म्हणजे बहुधा सुरुवातीचा ॲपॉप्टोसिस. पण नेक्रोप्टोसिसमध्येही (पेशीनेच घडवलेला, पटल फाटून होणारा मृत्यू) पटल फाटण्याआधी फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर दिसू शकतो. दोन्ही धन असलेल्या पेशींवरून तर काहीच ठरत नाही. एकाच वेळी पाहण्याऐवजी ६, १२ आणि २४ तासांना मोजा.

निर्णय अवरोधकांनी, म्हणजे एकेक मार्ग रोखणाऱ्या रसायनांनी, घ्या. औषधाच्या एक तास आधी प्लेटच्या एका विहिरीत झेड-व्हीएडी-एफएमके २० मायक्रोमोलर (कॅस्पेस ही विकरं अडवून ॲपॉप्टोसिस रोखतं), दुसऱ्या विहिरीत नेक्रोस्टॅटिन-१एस (नेक्रोप्टोसिस रोखतं), तिसरीत फेरोस्टॅटिन-१, साधारण १ मायक्रोमोलर (फेरोप्टोसिस रोखतं). ज्याने पेशी वाचल्या, त्याने रोखलेला मार्ग हाच मृत्यूचा मार्ग. झेड-व्हीएडी दिल्यावर मृत्यू वाढला तर घाबरू नका: कॅस्पेस-८ बंद झाल्यावर काही पेशी नेक्रोप्टोसिसकडे वळतात. अशा वेळी झेड-व्हीएडी आणि नेक्रोस्टॅटिन-१एस एकत्र देऊन पाहा, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) चिरलेलं कॅस्पेस-३ (ॲपॉप्टोसिसची खूण) आणि फॉस्फोरिलित एमएलकेएल (नेक्रोप्टोसिसची खूण) दोन्ही तपासा.